इचलकरंजीत राहायचं आणि काम करायचं म्हणजे नेमकं काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "वस्त्रोद्योगातली पदवी घेऊन मी अकरा वर्षं पुण्यात नोकरी करतोय. पत्नी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिचं बरंचसं काम घरूनच चालतं. मुलगी सहा वर्षांची. वडिलांचे इचलकरंजीत चोवीस माग आहेत आणि आता त्यांना ते झेपत नाहीत. परत यावं असं वाटतं. सासरचे म्हणतात लहान गावात गेलास की करिअर संपलं. मित्र म्हणतात तिथे आयुष्य निवांत असतं. खरं काय? तिथलं रोजचं काम आणि राहणं कसं असतं?"

मी इचलकरंजीत सत्तावीस वर्षं कर सल्लागार म्हणून काम करतोय. माझ्याकडे यंत्रमागवाले आहेत, सायझिंगवाले (विणण्याआधी सुताला खळ लावणारे), सूतव्यापारी, डॉक्टर, किराणा दुकानदार आणि शिक्षकही आहेत. गावात कोण किती कमावतो ते मला कागदावरून कळतं. कोणाची झोप कशाने उडालीय ते टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या तोंडावरून कळतं. तुमच्या सासरच्यांचं मला पटत नाही आणि मित्रांचंही पटत नाही. निवांत हा शब्द तर आधी डोक्यातून काढून टाका. इथे अंतरं कमी आहेत, काम भरपूर आहे. करिअरचं म्हणाल तर ते इथेही होतं, पण बाजारात तुमची पत किती आहे त्यावर ते मोजतात. माझं सगळं उत्तर फिरून फिरून पत या एका शब्दापाशीच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सकाळपासून सुरू करू. बहुतेक कारखान्यांत अजून बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. रातपाळीचा कामगार निघायच्या बेतात असतो, दिवसपाळीचा दारात आलेला असतो, आणि त्या पाच-दहा मिनिटांत मालकाने शेडमध्ये असायचं हे त्याचं दिवसातलं पहिलं काम. येणारा कामगार काही बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. तो आपल्या वाटणीच्या मागांवरून एक फेरी मारतो, विणलेल्या कापडावर तळहात फिरवतो, मागच्या बाजूला जाऊन बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, ताणा (उभे धागे) किती उरलाय ते बघतो. कुठे तार तुटून कापडात दोष पडला असेल तर तिथल्या तिथे रातपाळीवाल्याला बोटाने दाखवतो. त्याने मान हलवली तर तो खराबा रातपाळीच्या नावावर. तो आधीच निघून गेला असेल तर मात्र दुपारपर्यंत वाद. मालक उभा असला की हा वाद होत नाही. तुमचे वडील इतकी वर्षं चहा घ्यायच्या आधी कारखान्यात का जातात, ते तिथे आठ दिवस उभं राहिलात की कळेल.

माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचं काम तर कानावर चालतं. एकदा एका शेडच्या कोपऱ्यात मी दिवाणजींबरोबर वह्या बघत बसलो होतो. सगळे माग चालू, जॉबर आमच्या शेजारी चहा पीत होता. मध्येच त्याने कप खाली ठेवला आणि सरळ पलीकडच्या रांगेतल्या एका मागाकडे चालत गेला. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) पेटीत आपटतोय तो आवाज जरा उशिरा येतोय, म्हणाला. मला तर सगळा मिळून एकच गडगडाट ऐकू येत होता. पाच मिनिटांत पाना फिरवून तो परत आला आणि उरलेला चहा प्यायला. तुमच्याकडे असा माणूस असेल तर पदवी बाजूला ठेवून पहिले सहा महिने त्याच्या मागे फिरा. इंजिनिअर होऊन आलेल्या मुलांची पहिली चूक इथेच होते. ती जॉबरला शिकवायला जातात.

आता हिशेब. मिनिटाला १५० फेरे घेणारा साधा माग आणि इंचाला ५२ पिकं, म्हणजे आडवे धागे, असं कापड धरा. १५० भागिले ५२ म्हणजे मिनिटाला जेमतेम २.९ इंच कापड. तासाला १७३ इंच, म्हणजे ४.४ मीटर. माग काही अखंड चालत नाही. धोट्यातली सुताची कांडी संपते, तार तुटते, वीज जाते. ८० टक्के धरलं तर दोन्ही पाळ्या मिळून मागाला ८४ मीटर आणि चोवीस मागांवर २,००० मीटरच्या आसपास. खर्चीने विणत असाल, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि विणून द्यायची मजुरी तुमची, तर ती मजुरी पिकाला इतके पैसे अशी ठरते. पिकामागे एक पैसा वाढला की मीटरला ५२ पैसे, दिवसाला हजारभर रुपये आणि २६ दिवसांच्या महिन्याला सुमारे २७,००० रुपये. एका पैशाने एवढा फरक पडतो. व्यापारी फोनवर "अर्धा पैसा कमी करा" म्हणतो तेव्हा वडील बराच वेळ गप्प राहतात, त्यामागे हे गणित असतं. कामगाराची मजुरीही इथे ५२ पिकाचं कापड धरूनच मोजली जाते, त्यामुळे मालक, कामगार आणि व्यापारी तिघांच्याही डोक्यात दिवसभर हाच आकडा असतो.

तुमचे माग चोवीसच का, याचाही विचार करा. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर लागते आणि यंत्रमागांना मिळणारी विजेची सवलत २७ अश्वशक्तीच्या आत वेगळी, त्यावर वेगळी आहे. चोवीस माग, वर कांडी मशीन आणि दिवे, एवढं त्या रेषेच्या आत बसतं. तुम्ही आल्या आल्या रेपिअर (धोट्याशिवाय चालणारा आधुनिक माग) घ्यायचं म्हणाल, ते मला आत्ताच दिसतंय. रेपिअर चांगलाच आहे, पण त्याच्याबरोबर वीजबिलाचा गट बदलतो, सूत वरच्या प्रतीचं लागतं, तारण ठेवून कर्ज काढावं लागतं आणि जुना कामगार त्यावर लगेच बसत नाही. पहिलं वर्षभर एकही जुना माग भंगारात देऊ नका, एवढं माझं ऐका.

हे सगळं गाव या एका धंद्यावर उभं आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला हात दिला, आणि पुढे घराघरातून खटखट सुरू झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ८७ हजारांच्या घरात होती. २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण गावाला अजून रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायला हातकणंगल्याला जावं लागतं. शहर म्हणावं तर माणसं एकमेकांना वडिलांच्या नावाने ओळखतात, गाव म्हणावं तर संध्याकाळी मलाबादे चौकात गाडी लावायला जागा मिळत नाही. मारवाडी व्यापारी, सोलापूरकडून आलेले तेलुगू बोलणारे विणकर, कर्नाटकातले, उत्तर प्रदेश-बिहारमधले कामगार, सगळे इथे आहेत. एकाच कारखान्यात मराठी, कन्नड, हिंदी आणि तेलुगू ऐकायला मिळेल. कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, गावभागात कर (आडवं बांधलेलं तोरण) तोडायला जी गर्दी होते, तीत यातला कुणीही दिसतो.

एका धंद्याचं गाव असण्याचा अर्थ असा, की बाजार बसला की फक्त मागवाल्यांचा बसत नाही. सायझिंग थंडावतं, वहिफणीवाला (ताण्याचे धागे ओवून-जोडून देणारा) घरी बसतो, टेम्पोला भाडं नाही, कापडाच्या घड्या घालणाऱ्या बायकांचा आठवडा कोरडा जातो आणि मग महिनाभराने चपलांच्या दुकानदाराचा विक्रीचा आकडा माझ्यासमोर येतो तेव्हा तोही पडलेला असतो. दिवाळीत उलटं होतं. कामगारांचा बोनस वाटला गेला की चार दिवसांत भांडी, कपडे, मोबाइल, सगळ्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. पुण्यात तुमच्या कंपनीचं वर्ष वाईट गेलं तरी शेजारच्या सलूनवाल्याला पत्ता लागत नाही. इथे त्याला तुमच्या आधी लागतो.

२०१६च्या नोटाबंदीत हे मी फार जवळून बघितलं. कामगाराचा पगार आठवड्याचा आणि रोखीचा. चालू खात्यातून आठवड्याला ५०,००० रुपयांच्या वर निघत नव्हते. पगाराच्या दिवशी मालक कारखान्याच्या दारात उभे, हातात निम्मे पैसे. कामगारांनी उरलेले पुढच्या आठवड्यावर घेतले, किराणा दुकानदारांनी त्यांच्या वह्या लांबवल्या, आणि दुकानदाराला घाऊकवाल्याने सांभाळून घेतलं. या साखळीत कुठेही कागद नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये मात्र ही साखळी पुरी पडली नाही. माग बंद पडले, परप्रांतातले कामगार जमेल तसे आपापल्या गावी निघून गेले. तेव्हा गावात पहिल्यांदा दिवसाढवळ्या पाखरांचा आवाज ऐकू आला, आणि तो ऐकून माझ्या ओळखीचे दोन म्हातारे मागवाले अक्षरशः रडले.

आता ही पत म्हणजे काय ते. माझ्या एका अशिलाची गोष्ट सांगतो, माणूस तुम्ही ओळखणार नाही असा सांगतो. स्वतःचं सूत घेऊन कोरं कापड विकायचा. परराज्यातल्या एका व्यापाऱ्याला तीन वर्षं माल देत होता, पैसे वेळेवर यायचे. चौथ्या वर्षी त्या व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. सात लाख अडकले. ज्या दिवशी ही बातमी फुटली त्याच दिवशी संध्याकाळी हा त्याच्या सूतव्यापाऱ्याकडे गेला, कारण त्याचेही पैसे देणं होतं. गादीवर बसून सगळं सांगितलं. सूतव्यापारी ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सूत घिऊन जावा. पैशाचं मागनं बघू." चार महिने त्याने उधारीवर सूत दिलं आणि व्याजाचा शब्द काढला नाही. मी नंतर त्या व्यापाऱ्याला विचारलं, एवढी जोखीम का घेतली? तो म्हणाला, हा माणूस अकरा वर्षं सायझिंगचं बिल शनिवारच्या शनिवारी देतोय, मला सायझिंगवाल्याने सांगितलंय. म्हणजे ज्या बिलाशी त्याचा काहीही संबंध नव्हता, त्याची माहिती त्याने अकरा वर्षं साठवून ठेवली होती.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. बातमी फुटली त्याच आठवड्यात त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी थांबली. पाहुण्यांनी काही कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं. ज्या ओळखीने त्याला सूत मिळालं त्याच ओळखीने त्याच्या घरात दोन वर्षं सनई वाजली नाही. यातलं एक ठेवून दुसरं सोडून देता येत नाही. पुण्यात तुम्हाला चार महिने उधारीवर कुणी काही देणार नाही आणि तुमच्या मुलीचं लग्नही कुणी मोडणार नाही. इथे येण्याआधी नवरा-बायकोने बसून विचार करायचा असेल तर याच गोष्टीचा करा. घरभाडं आणि पेट्रोल यांचा हिशेब नंतर होईल.

तुमच्या पिढीसाठी यात एक चांगली गोष्ट झाली आहे. २०२३च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवलं नाही आणि वर्ष संपलं, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. याचा फायदा घ्यायला वडिलांची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली आहे का, विणकाम उत्पादनात किंवा सेवेत नोंदलंय का, आणि नोंदणी क्रमांक बिलावर छापलाय का, ते बघा. हे कलम लागू झाल्यावरच्या पहिल्या मार्चमध्ये बऱ्याच व्यापाऱ्यांनी कापड परत करायच्या धमक्या दिल्या होत्या, काहींनी नोंदणीच रद्द करा असा दबाव आणला. काही मागवाल्यांनी घाबरून रद्द केलीही. माझ्या मते ती चूक होती. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या कारखान्याच्या बिलावर पैसे द्यायची मुदत स्पष्ट छापा आणि पहिल्या दिवसापासून तसंच वागा. व्यापारी नवीन माणसाकडून जे ऐकून घेतो ते जुन्याकडून घेत नाही.

माझ्यासारख्या सल्लागाराचं, डॉक्टरचं, वकिलाचं काम इथे कसं चालतं तेही सांगतो, म्हणजे तुमच्या पत्नीला अंदाज येईल. आमच्या कामाला ऑफिसची वेळ नसते. रात्री साडेनऊला दारावर माणूस येतो, हातात नोटीस, तोंडावर रंग नाही. त्याला उद्या या म्हणता येत नाही, कारण उद्या सकाळी तो मला भाजी मंडईत भेटणार असतो. फी कधी दिवाळीला येते, कधी ज्वारीचं पोतं म्हणून येते. पण सगळ्यात अवघड गोष्ट यातली कुठलीच नाही. सगळ्यात अवघड म्हणजे गप्प राहणं. दोन भावांची वाटणी चालू असते, दोघेही माझे अशील, दोघांच्या बायका माझ्या बायकोबरोबर देवळात बसतात. एकाची तोट्यातली वही मला माहीत आणि दुसरा त्याच्या हिश्शाची किंमत मला विचारतो. अशा वेळी मी दोघांनाही दुसऱ्या सल्लागाराकडे पाठवतो आणि दोघांचाही राग घेतो. सुरुवातीच्या एका वर्षी मी लग्नाच्या पंगतीत एका अशिलाच्या उलाढालीचा आकडा सहज बोलून गेलो होतो. दोन टेबलं पलीकडे त्याचा साडू बसला होता. तो अशील गेला, आणि त्याच्याबरोबर आणखी तिघे गेले. तेव्हापासून पंगतीत मी पावसावर बोलतो.

तुमच्या पत्नीचं काम घरून चालतं, इंटरनेट इथे चांगलं मिळतं, इन्व्हर्टर बसवून घ्या म्हणजे झालं. खरी अडचण घरातली असते. दुपारी दोनला शेजारच्या काकू वाटीभर कालवण घेऊन येतात, "घरीच आहेस न्हवं" म्हणतात आणि बसतात. सासू-सासऱ्यांनाही लॅपटॉपसमोर बसलेली सून मोकळीच दिसते. माझ्या दोन अशिलांच्या सुना अशा घरून काम करत होत्या. एकीने सहा महिन्यांत नोकरी सोडली. दुसरीने कारखान्यावरच्या मजल्यावर एक खोली काढून घेतली, रोज सकाळी डबा घेऊन जिना चढून तिथे जायची आणि सहाला खाली यायची. अंतर वीस पायऱ्यांचं, पण घरच्यांच्या दृष्टीने ती कामाला जात होती. तिची नोकरी अजून चालू आहे. घरापासून थोडी लांब अशी एखादी खोली आधीच बघून ठेवा. बायकांच्या कामाचं एकूण चित्र इथे दोन टोकांचं आहे. एका टोकाला कांडी भरणाऱ्या, घडी घालणाऱ्या, शिलाई करणाऱ्या. दुसऱ्या टोकाला डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतल्या, माझ्यासारखंच काम करणाऱ्या. मधल्या पदवीधर मुलींना साजेशी नोकरी गावात कमी आहे, ही गोष्ट मला मनापासून टोचते.

वेळेचं गणित लोकांना चुकीचं सांगितलं जातं. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस मिनिटांत जाता, दुपारी घरी जेवता, हे खरं. पुण्यातले प्रवासाचे दोन तास वाचतात. पण ते तुम्हाला मिळत नाहीत, माणसं घेतात. सकाळी पेपर उघडला की आधी निधनाचं पान बघायचं, रक्षाविसर्जन कधी आहे ते पाहायचं. अशिलाचे वडील गेले, सकाळी नऊला रक्षाविसर्जन, म्हणजे दहाची भेट साडेअकराला. लग्नसराईत एका दिवसाला तीन-तीन अक्षता. वास्तुशांत, बारसं, आजारी माणसाला बघायला जाणं. नव्याने आलेले लोक याला वेळेचा अपव्यय समजून टाळतात, आणि मग दोन वर्षांनी विचारतात की आमच्याकडे काम का येत नाही. मला यात काही लबाडी वाटत नाही. ज्याच्या घरच्या मयताला तुम्ही उन्हात उभे राहिलात तो तुमच्यावर विश्वास टाकतो, कारण तुम्ही अडचणीच्या वेळी दिसता हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं असतं.

मुलीची शाळा. दहावीपर्यंत इथे काही कमी पडणार नाही, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या चांगल्या शाळा आहेत. वस्त्रोद्योग आणि इंजिनिअरिंगसाठी डीकेटीई हे कॉलेज १९८२ पासून आहेच. वाचनाची आवड लावायची असेल तर आपटे वाचन मंदिरात तिचं नाव घाला, नाटकांना घोरपडे नाट्यगृहात घेऊन जा. गाण्याचं म्हणाल तर ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा याच गावाचं नाव लावत होते. पण कुठल्या खेळाचं वरच्या दर्जाचं प्रशिक्षण, एखादा वेगळा विषय, असं काही हवं असेल तर गाडी काढून कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागते. दोन्ही तीस किलोमीटरच्या आसपास.

दवाखान्याचंही तसंच. रोजच्या आजारपणाला डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत आणि ते तुमच्या आजोबांनाही औषध देत होते. मोठं काही निघालं की मिरज किंवा कोल्हापूर. आईवडिलांना हृदयाचा त्रास असेल तर रात्री गाडी कोण चालवणार हे आधी ठरवून ठेवा. ही गोष्ट मी प्रत्येक परत येणाऱ्याला सांगतो.

आता पाणी. पंचगंगेच्या काठी राहून पाण्याचे हाल, हे पुण्याच्या माणसाला समजवून सांगणं अवघड जातं. नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात, उन्हाळ्यात जास्तच. पाणी येणार त्या दिवशी घरातलं एक माणूस अडकलं म्हणून समजा. हौद, टाक्या, पिंपं भरायची, मोटर सांभाळायची. २०१२ साली कावीळीची मोठी साथ आली, माणसं गेली, तेव्हापासून पिण्याच्या पाण्याबाबत इथे कुणी हलगर्जी करत नाही आणि तुम्हीही करू नका. पावसाळ्यात हीच नदी उलटते. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी काठची वस्ती उठवावी लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीकडच्या एका शेडमध्ये मी गेलो तेव्हा पाणी अजून रस्त्यापलीकडे होतं. मालक, त्याची दोन मुलं आणि सहा कामगार मागांच्या मोटरी सोडवून हातगाड्यावर चढवत होते. माग भिजला तर पुसून तेल घालून चालतो, मोटर भिजली की जळते. शेजारच्या बंद कारखान्याच्या मोटरीही त्यांनीच काढल्या, मालक परगावी होता. नंतर कुणी त्याचा उल्लेखही केला नाही.

पैशाचं थोडक्यात. इथे येऊन तुमची मिळकत पहिली दोन-तीन वर्षं पुण्याच्या पगारापेक्षा कमीच राहील, आणि ती महिन्याच्या एक तारखेला येणार नाही. कधी दीड महिना काही नाही, कधी एकदम तीन बिलं. पत्नीचा पगार नियमित आहे तोवर ही ओढाताण झेपेल. म्हणून तिची नोकरी टिकवणं हा तुमच्या कारखान्याचा प्रश्न आहे असं धरून चाला. कारखान्याचं आणि घराचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. वडिलांनी ठेवलं नसेल. त्यांना दुखवू नका, नवीन खातं तुमच्या नावाने काढा आणि घरखर्च तिथून करा.

घर बघायला याल तेव्हा दुपारी येऊ नका, रात्री अकराला या. भिंतीला तळहात लावून बघा. शेजारी माग असतील तर भिंत बारीक थरथरते. आवाजाची सवय आठ-पंधरा दिवसांत होते, मला माग चालू असल्याशिवाय झोप लागत नाही, पण लहान मुलीला घेऊन येताय तर मागांपासून दोन गल्ल्या लांब घ्या. शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो, जुन्या विणकरांना कमी ऐकू येतं ते उगीच नाही. तुम्ही स्वतः शेडमध्ये उभे राहाल तेव्हा कानात बोळे घाला, आणि कामगारांनाही द्या. सायझिंगची चिमणी कुठल्या बाजूला आहे आणि वारा कुठून येतो तेही बघा. मग बाजूच्या घराची कडी वाजवून इथे पाणी कोणत्या वारी येतं ते विचारा. ते सांगता सांगता घरातली माणसं तुमचं आडनाव विचारतील, कारखाना कुठला ते विचारतील. वडिलांचं नाव सांगा, आणि ते ऐकल्यावर दार किती उघडतं ते बघा.